हिप्परग्याला जाताय? आधी मान बघा

सोलापुरातून तुळजापूर रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एकरुखचा तलाव येतो. आपल्या तोंडी हिप्परगा. आदिला नदी अडवून केलेलं हे काम १८७१ साली पुरं झालं. जानेवारीतल्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आम्ही तिथे गेलो.

लांब उथळ पाण्यात गुलाबीसर ठिपके दिसले आणि भाचा ‘रोहित, रोहित’, म्हणजे फ्लेमिंगो, म्हणून नाचायला लागला. दुर्बीण लावली, तर चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा! त्याची चोच पिवळी, जाड, टोकाशी किंचित वळलेली. गुलाबी रंग फक्त शेपटीजवळच्या पिसांत. रोहिताची चोच मध्येच मोडून खाली वळते, टोक काळं; खाताना तो डोकं उलटं करून पाण्यात घालतो. त्याची पिल्लं तर मळकट राखाडी, तेव्हा रंगाच्या नादाला लागूच नका.

पक्षी उडाला की काम सोपं. मान आखडून घेतली असेल तर बगळा, राखी नाहीतर जांभळा. मान पुढे ताणलेली असेल तर करकोचा, शराटी (आयबिस), चमचा (स्पूनबिल) किंवा रोहित. मग चोचीकडे वळा. कोयत्यासारखी वाकडी ती शराटीची. मिटलेल्या चोचीत फट दिसली तर उघड्या चोचीचा करकोचा. पिल्लांत मात्र ही फट नसते.

पट्टकादंबांसाठी, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या रानहंसांसाठी, पहाटे धावपळ नको. ते रानात चरून येतात आणि दिवसा पाण्याकाठी बसतात. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, बस्स. तलाव तुडुंब असेल तर लांब पायांचे पक्षी कमीच. पाणी ओसरून काठ उघडे पडले की जा. ऊन पाठीशी घ्या, ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. गाडी डांबरीवरच ठेवा, काठाला वेड्या बाभळीचे काटे आणि काळा गाळ, दोन्ही भरपूर.

कुरव (गल) बघायचे तर मात्र उजनी धरणाचं पाणी गाठा. रेल्वेने भिगवणला उतरून कुंभारगावात होडी ठरवायची. तपकिरी डोक्याच्या कुरवाला लोक समुद्रपक्षी म्हणतात, पण तो वीण घालतो मध्य आशियातल्या उंच तळ्यांवर. हिवाळ्यात डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका. म्हणून पंख बघा: काळ्या टोकांत पांढरे डाग असले की तोच. काळ्या डोक्याचा कुरव लहान, पंखाची पुढची कड पांढरी. होडीवाला त्यांना फरसाण टाकायला लागला तर नको म्हणा. फोटो झकास येतो, पण पक्ष्याच्या पोटात मीठ-तेल जातं.