ओठ न मिटता

रात्री पावणेबारा

आठवडाभर एक खूळ डोक्यात आहे. रोज एक अक्षर वर्ज्य करायचं आणि त्याच्यावाचून चार ओळी लिहायच्या. सोमवारी 'ळ' सोडला. त्यात काही दम नव्हता. 'ह' मात्र जड गेला. 'आहे' गेलं, 'नाही'ही गेलं. मग बोली धावून आली : 'बसलोय', 'करतोय'. बोलताना 'ह' आपण कधीच गिळून टाकलाय, कागदावर तेवढा जपतो. 'त' काढला तर 'येतो', 'जातो' सगळेच बाद. 'अ'च्या नादी लागलोच नाही. 'कमल'मध्ये तो अक्षर म्हणून कुठंच दिसत नाही, तरी वाचताना हजर. न लिहिलेलं खोडणार कसं?

आज दंडी या जुन्या संस्कृत लेखकाचा नियम घेतला. 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेनं चावलेला असतो, म्हणून तो आपली सगळी कहाणी ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो. (सबब काय नामी शोधलीय!) म्हणजे प, फ, ब, भ, म बंद. 'व' दंतोष्ठ्य म्हणून मी चालवून घेतला.

पहिल्याच शब्दाला अडलो. रोजनिशी, आणि 'मी' लिहायचा नाही! 'मला', 'माझं', 'आपण', एकही चालेना. शेवटी जमलं ते असं :

'रात्री जाग आली. उठलो. खिडकी उघडली. गार वारा आत आला, कागद उडाले. ते गोळा करून खुर्चीत टेकलो.'

टेकलो, कारण 'बसलो'त 'ब'. आणि 'मी' हाकलला खरा, पण 'उठलो'तल्या 'लो'त तो लपलेलाच.

फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकनं १९६९ मध्ये रोमन 'ई' हे अक्षर टाळून अख्खी कादंबरी लिहिली. फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ते. त्याच्या स्वतःच्या नावात ते चारदा येतं. फ्रेंचमधल्या आई आणि वडील या दोन्ही शब्दांतही आहे, आणि त्याचे आईवडील दोघंही दुसऱ्या महायुद्धात गेले होते. आधी मला हा नुसता पराक्रम वाटायचा.

वरच्या ओळी ओठांत पेन्सिल आडवी धरून मोठ्यानं वाचल्या. कुठंही अडलं नाही. पुढची ओळ घरच्यांची लिहायची होती. 'आई' सहज आली. 'बाबा' येईनात. 'वडील' नियमात बसतं, पण त्यांना तशी हाक मी कधी मारलेली नाही. तेवढी जागा कोरी सोडलीय.