जाळी पाखरांसाठी होती

परसबागा लावून देणं हा माझा धंदा. नाशकातल्या मखमलाबाद, म्हसरूळ, आनंदवल्ली या भागात त्याला आता बरं गिऱ्हाईक आहे. द्राक्षबागा काढून प्लॉट पडले, बंगले उठले, आणि आता त्या बंगलेवाल्यांना चार गिलके आणि मेथीची जुडी घरची हवी असते. माती चांगली, पाट जवळ, त्यामुळे भाजी झकास येते. तिच्या मागोमाग खाणारेही येतात. माझं निम्मं काम लावण्याचं असतं आणि निम्मं या पाहुण्यांचं.

श्रावण संपत आला होता. मखमलाबादच्या एका काकूंचा फोन आला, "ताई, जाळी टाकली तरी खातंच आहे काहीतरी. पोपट आतून येतात की काय?" काका प्रेसमधून निवृत्त झालेले, हौशी माणूस. दिंडोरीकडच्या भाच्याच्या द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकलेली जुनी नायलॉनची जाळी त्यांनी आणली होती आणि मका, भुईमूग, दुधीचा मांडव असं सगळं एकदम झाकून टाकलं होतं. फुकटची वस्तू, मग हात कशाला आखडायचा? कडेने जाळी दोन-दोन हात जमिनीवर लोळत होती.

गेल्या गेल्या मी आधी खाल्लेलं बघते, खाणारा त्यात सापडतो. पोपटाने खाल्लेलं कणीस वरून सोललेलं असतं, दाणे टोचलेले असतात, पण ताट उभं राहतं. माकडं आली तर ताटंच मोडतात, अर्धं खातात आणि अर्धं फेकतात. मोर कोवळे कोंब खुडतो. गोगलगाय पानाला भोकं पाडते आणि चकाकती रेघ मागे ठेवते. इथे मक्याची ताटं जमिनीपासून चार बोटांवर कुरतडून आडवी पाडलेली. भुईमुगाच्या वाफ्यात उकीर, रिकाम्या टरफलांचा ढीग, आणि कुंपणाच्या भिंतीलगत ताजी माती बाहेर ढकललेलं मोठं बीळ. पोपट बिचारे तारेवर बसून बघत होते. चोर जमिनीखालून येत होता: घूस.

नाशकात बिबट्या दिसला की आख्खी कॉलनी मोबाईल घेऊन गच्चीवर चढते. घूस महिनोन् महिने घराचा पाया पोखरते, तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

बिळं किती आहेत ते बघायला मी मांडवामागे गेले, तर कोपऱ्यात गोळा झालेली जाळी वारा नसताना हलत होती. आत साप. मनगटाएवढा जाड, पिवळट तपकिरी. डोकं जाळीच्या एका घरातून बाहेर, मग अंग वळून दुसऱ्या घरात, तिसऱ्यात, आणि मधला जाड भाग करकचून आवळलेला. काका ओरडले, "नाग!" फणा नव्हता, डोळे मोठे गोल होते, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा होत्या. मला धामण वाटत होती, पण नुसतं वाटून सापाला हात घालायचा नसतो. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला. तिथून निरोप गेला आणि सर्पमित्र येतोय असं कळलं.

तो येईपर्यंतचा वेळ कठीण गेला. शेजारचे जमले. एकाने काठी आणली. दुसऱ्याने सांगितलं, धामण शेपटी मारते आणि जिथे लागते तिथलं अंग सडतं. तिसऱ्याच्या गावी ती म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पिते म्हणे. सापाच्या तोंडाची ठेवणच अशी की त्याला चोखता येत नाही, पण हे त्या घोळक्यात ऐकणार कोण? मी काठीवाल्याला सांगितलं, साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. काठी खाली गेली, माणूस मात्र हलला नाही. काकूंनी तेवढ्यात एक जुनी चादर वर धरून सावली केली. ऊन लागलं तर अडकलेला साप लवकर मरतो.

सर्पमित्र पोरगा विशीतला असेल. धामणच आहे म्हणाला. आल्यावर त्याने खेचाखेच केली नाही, आधी मोठ्या कात्रीने भोवतालची जाळी कापून सापासकट तुकडा वेगळा केला आणि सावलीत आणला. डोक्यावर ओलं फडकं टाकलं. मग मला म्हणाला, "ताई, अंग धरा, पण दाबू नका." सापाचे खवले मागच्या बाजूला झुकलेले असतात. पुढे रेटलं की अंग सरकतं, मागे घ्यायला गेलं की दोरा खवल्याखाली शिरतो. म्हणून तो सुटायची धडपड करेल तसा जास्त अडकत जातो. पोरगा बोथट टोकाची छोटी कात्री दोऱ्याखाली सरकवायचा आणि एकेक दोरा तोडायचा. मध्येच धामणीने गळा फुगवून घुरघुर केली. सापाचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. अंगाची तिने जी घाण सोडली, तो वास साबणाने दोनदा हात धुऊनही गेला नाही.

दोन ठिकाणी दोरा रुतून कातडी सोलली होती. पोरग्याने तिला पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला नेलं. जखमा वरवरच्या निघाल्या. सोडायचं कुठे, यावर फोनवर वाद झाला. काकांचं म्हणणं, गंगापूर धरणाच्या पलीकडे सोडा. मी आणि पोरगा दोघांनीही नको म्हटलं. अनोळखी जागेत सापाला ना बीळ माहीत असतं, ना भक्ष्य, आणि त्याचे हाल होतात. शिवाय काका ज्या घुशीने वैतागले होते, तिची पिल्लं खाणारी ही होती. उंदरांच्याच मागावर ती जाळीत शिरली असणार. संध्याकाळी तिला जवळच पाटाकडेला सोडलं.

बागेचं काम मग वेगळं ठरलं. "विष टाकून मोकळे व्हा" हा शेजाऱ्यांचा सल्ला मी बाजूला ठेवला, कारण विष खाल्लेला उंदीर धामण खाते, गव्हाणी घुबड खातं, घरची मांजरही खाते. भिंतीलगत अर्धा इंची जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची, वेल्डेड जाळी फूटभर खोल गाडली, खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून. घूस खणत आली की त्या वळणावर अडते. वर पोपटांसाठी जाळी हवीच असेल तर चौकटीवर ताणून, जमिनीपासून गुडघाभर उंच, आणि करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक. दुधीवर मात्र काहीच नको. मांडव झाकला तर परागीभवन करणारे किडे फुलांपर्यंत येत नाहीत आणि फळ धरत नाही. कोवळ्या दुधीला जुन्या सुती साडीची पिशवी पुरते, फळमाशीही त्यात अडते.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. संक्रांतीला येवल्यापासून नाशकापर्यंत पोलीस मांजा शोधत फिरतात, ते बरोबरच आहे. पण तसाच दोरा जाळी होऊन कुंपणाला वर्षभर लोंबतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

काकांकडे त्याच जाळीचे आणखी दोन गठ्ठे निघाले. ते घंटागाडीत टाकायला निघाले होते. मी म्हटलं, अख्खी टाकली तर कचरा डेपोवर कुत्र्याच्या पायात जाईल, आधी बारीक तुकडे करा. काकांनी गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कापायचे वेगळे किती घ्याल?"

"काका, ते तुम्ही आणि भाच्याने बसून करायचं. कात्री मी देते."