आमच्या पत्त्यातला शून्य

इथला पत्ता पाठवला तेव्हा आईचा लगेच फोन आला. "अरे, यात रस्त्याचं नाव कुठाय? नुसते आकडेच आहेत." अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत पत्ते असेच असतात. 300 साउथ, 900 ईस्ट, म्हणजे टेंपल स्क्वेअर या मॉर्मन मंदिराच्या आवारापासून तीन ब्लॉक दक्षिणेला आणि नऊ पूर्वेला. त्या आवाराच्या आग्नेय कोपऱ्यावर भिंतीलगत एक ठेंगणा दगड आहे. सगळं शहर तिथून मोजतात.

हा शून्य 3 ऑगस्ट 1847 रोजी ऑर्सन प्रॅट यांनी ठरवला. जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाचा, म्हणजे मॉर्मन लोकांचा, तांडा इथल्या खोऱ्यात पोचून तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. प्रॅट या पंथाच्या चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ नेत्यांपैकी, एक. गणिताचं आणि ताऱ्यांचं त्यांना वेड. पुढे याच आवारात त्यांनी छोटी वेधशाळाही उभारली. या कोपऱ्यावरून मी रोज ये-जा करतो. त्यांचं चरित्र कळल्यापासून मात्र दगडापाशी पाय थबकतात.

चर्चचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांच्याशी प्रॅट यांचे मतभेद देवाच्या स्वरूपावरून होते. प्रॅट म्हणत, देव सर्वज्ञ आहे, त्याला नवं काही शिकायचं उरलेलं नाही. यंग यांच्या मते देवाचंही ज्ञान वाढतच असतं. त्यातच 1852 पासून यंग शिकवू लागले की आदम, म्हणजे बायबलमधला पहिला माणूस, हाच आपला पिता आणि देव. हे प्रॅट यांना धर्मग्रंथांत कुठेच सापडेना, आणि जे सापडत नाही ते ते मान्य करेनात.

जानेवारी 1860 मध्ये प्रेषितांच्या बैठकीत त्यांना जाब विचारला गेला. पटत नसताना पटलं म्हणणं म्हणजे ढोंग, आणि ते माझ्याच्याने होणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सगळे सहकारी समोर, आणि पाठीशी एकही नाही. दोन दिवसांनी, 29 जानेवारीला, ते जुन्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चच्या सभागृहात, लोकांपुढे उभे राहिले आणि अध्यक्षांच्या विरोधात जाण्यात आपली चूक झाली अशी कबुली दिली. मला त्यांचे हे दोन दिवस सारखे आठवतात. त्या माणसाला झोप लागली असेल का?

एवढ्यावर मिटलं नाही. 1865 मध्ये त्यांच्या काही लिखाणाचा चर्चने जाहीर निषेध केला आणि ते नष्ट करायला सांगितलं. त्यांनी लिव्हरपूलला छापलेलं, जोसेफ स्मिथ यांच्या आईने लिहिलेलं चरित्रही त्यात आलं. मग 1875 मध्ये ज्येष्ठतेच्या यादीत त्यांना खाली उतरवलं. कारण दिलं ते 33 वर्षांपूर्वीचं. 1842 मध्ये, मॉर्मन लोक इथे येण्याआधी राहत त्या नॉव्हू गावात, बहुपत्नीत्वावरून आणि बायकोच्या बाजूने उभं राहिल्यामुळे जोसेफ स्मिथ यांच्याशी बिनसलं, तेव्हा त्यांना चर्चबाहेर काढलं होतं. पाच महिन्यांनी परत घेतलं, पण मधला खंड कागदावर राहिला आणि तोच आता मोजला गेला. विशेष म्हणजे 1852 मध्ये बहुपत्नीत्वाची पहिली जाहीर घोषणा करण्याचं काम चर्चने याच माणसावर सोपवलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं.

ते सोडून का गेले नाहीत, असं मी इथल्या एका मॉर्मन शेजारणीला विचारलं. आजीच्या वयाची बाई. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाखाली टोपली भरता भरता म्हणाली, "जाणार कुठे? हे घर त्यांनीच तर आखलं होतं." मला तिचं म्हणणं पटलं. तरी त्या कबुलीचं वाईट वाटायचं राहत नाही.

प्रॅट ऑक्टोबर 1881 मध्ये वारले, प्रेषितपदावर असतानाच. ऑक्टोबर 1976 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी याच शहरातल्या अधिवेशनात सांगितलं, की आदमला देव मानणारी शिकवण खोटी आहे, तिच्यापासून सावध राहा.

काल आईला व्हिडिओ कॉलवर तो दगड दाखवला. तिने तो ठरवणाऱ्याचं नाव विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "परत एकदा सांग, लिहून घेते."