सीताबर्डीवरील पिठाच्या गोण्या

प्रजासत्ताक दिनी नागपुरातील सीताबर्डीचा किल्ला सर्वांसाठी खुला असतो, तेव्हा मी दरवर्षी न चुकता वर जातो. बरोबरीच्या लोकांच्या बोलण्यातून एक समजूत दर वेळी कानी पडते, ती अशी की १८१७ सालची इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई याच तटांच्या आडून झाली. वस्तुतः त्या वेळी तेथे किल्ला नव्हताच. एक मोठी आणि एक धाकटी अशा दोन उघड्या टेकड्या, पायथ्याशी रेसिडेंटचे, म्हणजे भोसले दरबारातील इंग्रज प्रतिनिधीचे, निवासस्थान, आणि पायाखाली काळा कातळ, एवढेच होते. आज दिसणारे बांधकाम लढाईनंतरचे, इंग्रजांनी केलेले.

हा कातळच माझ्या कुतूहलाचे मूळ आहे. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी संबंध तुटण्याच्या बेतात आल्यावर रेसिडेंट जेंकिन्स याने २५ नोव्हेंबरला तेलंगखेडीच्या छावणीतील पलटणी बोलावून घेतल्या आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट याने दोन्ही टेकड्या ताब्यात घेतल्या. त्याच्यापाशी जेमतेम चौदाशे माणसे होती. समोर भोसल्यांची सुमारे १८,००० फौज आणि ३६ तोफा, शिवाय त्या फौजेत निधड्या छातीचे अरब. अशा प्रसंगी कोणताही सेनानी प्रथम कुदळी-फावडी मागवील. परंतु खडकात खंदक खणायचा म्हणजे सुरुंग हवा आणि दिवस हवेत, आणि यांपैकी काहीही हाताशी नव्हते. मग कोठारातील गहू आणि पीठ कामी आले. भरलेल्या गोण्या आणि हाती लागेल ते सामान रचून शिपायांसाठी छातीइतका आडोसा उभा करण्यात आला.

गोण्यांचा आडोसा म्हणजे नेमके काय, हे मला नागपुरातील कळमन्याच्या धान्यबाजारात उमगले. तेथे थप्पी लावणाऱ्या एका वयस्क हमालाचे काम मी बराच वेळ पाहत होतो. एक गोणी आडवी, दुसरी उभी, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही, आणि शिवलेले तोंड नेहमी आतल्या अंगाला. असे का, म्हणून विचारले तेव्हा त्यांनी बाहेरच्या एका गोणीला लोखंडी आकडा टोचून दाखवला. गहू धारेने वाहू लागला आणि भोकाच्या वरची गोणी पोटात बसली. वाळूच्या पोत्यांचा मोर्चा रचताना सैन्यात शिकवला जाणारा नियम हाच आहे: विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडायचे आणि पोत्याचे तोंड शत्रूकडे करायचे नाही. गव्हाच्या गोणीला गोळी लागली तर दाणे गळून भिंत हळूहळू खचते. पीठ मात्र जागच्या जागी दाबले जाते आणि भोक पुष्कळसे आपोआप बुजते, असे मला वाटते. स्कॉटच्या माणसांना निवड करायला सवड असती तर त्यांनी पीठच पुढे लावले असते.

हाताशी असेल त्याचाच कोट करण्याची रीत अर्थातच जुनी आहे. १५२६ साली पानिपतावर बाबराने सुमारे ७०० गाडे कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकांस बांधले, मधल्या जागेत ढाली उभारून त्यांमागे बंदूकवाले बसवले, एका बाजूस गाव आणि दुसऱ्या बाजूस खंदक व तोडलेल्या फांद्या अशी सोय केली. आणि त्या रांगेत शेकडो स्वार बाहेर पडू शकतील एवढ्या वाटा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. या वाटा मला गाड्यांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात, कारण ज्यातून बाहेर पडता येत नाही तो आडोसा पिंजरा होतो. मातीचे तर विचारायलाच नको. दगडी तटावर तोफगोळा आदळला की कपच्या उडतात आणि चिरे निखळतात. माती तोच गोळा गिळून टाकते. १८०५ साली इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने भरतपूरच्या मातीच्या तटांवर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला माघारी यावे लागले. आपल्या विदर्भातील गढ्या पांढऱ्या मातीच्या का, याचेही उत्तर काही अंशी यातच असावे.

सीताबर्डीवर मात्र गोण्यांनी दगा दिला नाही. २६ तारखेच्या सायंकाळी सुरू झालेला मारा रात्री थंडावला आणि पहाटे पुन्हा पेटला. सकाळी धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि त्या क्षणी अरबांनी ती टेकडी जिंकली. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खालच्या मैदानात धाडसी हल्ला केला, टेकडी परत मिळवली गेली आणि दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला. इंग्रजांकडील ३६७ माणसे मेली अथवा जखमी झाली, म्हणजे चारांतील एक.

ही हकिकत मी पुढच्या खेपेस कळमन्यात त्या हमालांना सांगितली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, खांद्यावरचे फडके झटकले आणि विचारले, “मंग ते पीठ खाल्लं कोनं जी?”