ओसाड मॅनर हाउसचं रहस्य लिहिताना

ओसाड मॅनर हाउस, म्हणजे जमीनदाराचा जुना वाडा, डोळ्यांसमोर उभं करणं मला जड गेलं नाही. इंग्लंडमधलं एकाकी घर, चादरींखाली झाकलेलं फर्निचर, नोकरांच्या बोळात भिंतीवर ओळीनं टांगलेल्या घंटा. कादंबरीची पहिली प्रकरणं भराभर झाली. अडलं ते एका साध्या प्रश्नाशी: एवढं घर असं टाकून का दिलं असेल? शाप, भूत, माळ्यावर कोंडलेलं माणूस यातलं काहीच मला नको होतं. गोष्ट प्रेमाची, तर कुलपाचं कारणही त्या प्रेमातूनच निघालं पाहिजे, या हट्टावर मी अडून बसले.

वाट सापडली ती कायद्यात. इंग्लंडमध्ये पूर्वी लग्न होताच बाईची रोकड, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं होई आणि तिच्या जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. श्रीमंत बाप ट्रस्ट करून मुलीचं राखून ठेवत. माझी नायिका पोरकी आणि तिचा चुलता आपमतलबी. पण १८८२ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. १ जानेवारी १८८३ पासून पुढे लग्न करणाऱ्या बाईची मालमत्ता तिचीच राहू लागली. हे वाचलं आणि मी उठून खोलीत फेऱ्याच मारू लागले. माझा नायक भावाला जामीन राहून कर्जात बुडालेला. आधी लग्न केलं असतं तर तिचं सगळं सावकारांच्या घशात गेलं असतं. म्हणजे ती दोघं वाट पाहत होती! गाव मात्र म्हणत राहिलं, त्यानं तिला फसवलं.

रहस्य असं एका तारखेवर येऊन ठेपलं. चर्चच्या रजिस्टरमधलं लग्नाच्या नोंदीचं पान चुलता फाडतो. लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात ती दोघं समुद्रात बुडतात, तान्हा मुलगा दाईकडे वाढतो, आणि पुतणी अविवाहित गेली असं सांगून चुलता वारस होतो. घराला कुलूपही तोच लावतो. तिथे राहायची मात्र त्याची छाती होत नाही. त्याला एका गोष्टीचं भान नसतं. १८३७ पासून चर्चमधल्या लग्नांच्या नोंदींच्या नकला दर तिमाहीला लंडनच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे जात होत्या. गावातलं पान फाडून नोंद नाहीशी होत नाही.

मग घर उघडायला कुणीतरी हवं होतं. १८९४ मध्ये ब्रिटनमध्ये इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, आली, म्हणून चुलत्याचा मृत्यू मी १८९५ मध्ये ठेवला. करासाठी किंमत ठरवायला एक तरुण मूल्यमापक येतो आणि चुलत्याची नात त्याच्यासोबत खोल्या उघडत जाते. हा भाग लिहिताना मला सगळ्यात आनंद झाला. ती वस्तू सांगते, तो लिहून घेतो. आरसा, तडा गेलेला. खुर्च्या, पैकी एक खिडकीकडे वळवलेली. त्या यादीतूनच दोघं एकमेकांना कळू लागतात, म्हणून प्रेमाचे वेगळे संवाद मी जवळजवळ लिहिलेच नाहीत.

चकवाही घराकडूनच घेतला. बाहेरून खिडक्या जास्त दिसतात, आतून कमी, आणि वाचक गुप्त खोली शोधू लागतो. खरं तर १६९६ ते १८५१ तिथे खिडक्यांवर कर होता आणि तो टाळायला लोक खिडक्या विटांनी बुजवत. रहस्यकथेत वाचकाला चकवावं, पण त्याच्याशी खोटं बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवट सर्वांत कठीण गेला. नात त्या जोडप्याच्या पत्रांवरून जनरल रजिस्टर ऑफिसच्या लग्नांच्या सूच्या धुंडाळते, आधी त्यापूर्वीच्या वर्षांच्या. नाव मिळतं ते १८८३ च्या पहिल्या तिमाहीत. दाखला हाती येतो तेव्हा तिला उमगतं की घर त्या मुलाचं आहे, आपलं नाही. तिनं तो लपवावा असा एक खर्डा मी लिहून पाहिला, पण आजोबांचीच वाट धरणारी ती मला पटेना. आता ती दाखला मूल्यमापकापुढे ठेवते आणि यादीवरचं मालकाचं नाव बदलायला सांगते.