मुंगळ्यांची राणी परीक्षानळीत : माझा अनुभव

राणी मिळवण्यासाठी वारूळ उकरू नये. जुन्या वारुळातली राणी खोल बसलेली असते, ती क्वचितच हाती लागते आणि तिच्यापायी सगळी वसाहत उघड्यावर पडते. मी पाळतो ते मोठे काळे मुंगळे, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. यांच्या नव्या राण्या मला पहिल्या पावसांच्या दिवसांत मिळाल्या. संध्याकाळी सर थांबून हवा दमट आणि स्थिर झाली, की जिन्यातल्या किंवा कुंपणावरच्या दिव्याखाली बघायचं.

तिथे वाळवीची पाखरंही ढिगाने पडलेली असतात, त्यांच्यात गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि कंबर अशी नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशा कोपरातून वाकवल्यासारख्या आणि कंबर दोऱ्याएवढी. नर सडपातळ, लहान डोक्याचा. राणी पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास, छाती फुगीर, पोट जड. पंख गाळून जमिनीवर घाईघाईने फिरणारी राणी सगळ्यात चांगली, कारण तिचं मीलन बहुधा झालेलं असतं. छातीवर पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. काही मोठ्या कामकरी मुंगळ्यांचं डोकंही दांडगं असतं, पण त्यांची छाती अरुंद असते आणि तिच्यावर या खुणा नसतात. पकडताना चिमटा वापरू नये. छोटी डबी पुढ्यात आडवी धरली की ती स्वतःच आत जाते.

नळी मात्र आधीच तयार हवी. मी 20 मिमी व्यासाची, 150 मिमी लांबीची काचेची परीक्षानळी घेतो. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळते. उकळून गार केलेलं पाणी तळापासून 5 सेंमी, म्हणजे साधारण 12 मिली. मग कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीने पाण्याला टेकेपर्यंत सरकवायचा. कापूस मेडिकलच्या दुकानातला, पाणी शोषणारा. वातींचा कापूस इथे चालत नाही. त्यात नैसर्गिक मेण असतं, तो पाणी धड शोषत नाही आणि कडेने गळती सुरू होते. बोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दुपारी खोली तापली की ती हवा फुगते, पाण्याला कापसातून पुढे ढकलते आणि राणीच्या पायाखाली डबकं होतं. माझी पहिली राणी अशीच गेली.

राणी आत गेली की तोंडाला 2 सेंमी लांबीचा कोरडा बोळा, हवा खेळेल पण फट राहणार नाही इतपत दाबून. नळीभोवती काळ्या कागदाची सरकती गुंडाळी. जागा कपाटाच्या तळाच्या खणात. फ्रिजवर किंवा मिक्सरच्या ओट्यावर ठेवू नये, कारण मुंग्यांना आवाजापेक्षा कंपनाचा त्रास फार होतो. नळीवर तारीख लिहायची.

आणि आता तिला काहीही द्यायचं नाही. हे जिवावर येतं, पण मुंगळ्यांची राणी पहिली पिल्लं स्वतःच्या शरीरावर वाढवते. उडण्यासाठीचे छातीतले स्नायू तिला आता लागणार नसतात; ते विरघळतात आणि साठवलेल्या चरबीबरोबर अळ्यांच्या पोषणाला येतात. मध घातला तर तो बहुधा तसाच पडून बुरशी धरतो. शिवाय घालण्यासाठी बोळा काढावा लागतो, म्हणजे पुन्हा धक्का.

अंडी जाणं बहुतेक वेळा या धक्क्यामुळेच होतं. घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, धोक्याच्या जागी गुंतवलेलं अन्न ती परत घेते. मी आठवड्यातून एकदाच, अर्धा मिनिट बघतो, तेही टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही.

26 ते 28 अंश तापमानाला माझी नोंद अशी : चौथ्या दिवशी पहिली अंडी, आठवडा संपता सात-आठ, सतराव्या दिवशी अळ्या, अठ्ठाविसाव्या दिवशी फिकट तपकिरी कोष, त्रेचाळिसाव्या दिवशी पहिला कामकरी. खोली थंड असेल तर प्रत्येक टप्पा लांबतो. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. ती बुरशी नव्हे. कोष विणल्यावर अळीने बाहेर टाकलेली विष्ठा असते ती, आणि अळी नीट कोषात गेल्याची खूण. आतली मुंगी तयार झाली की राणी स्वतः जबड्याने कोष फाडून तिला बाहेर काढते. एखादी अळी कोष न विणताच उघडी राहिली तरी तिच्यातून मुंगी होऊ शकते.

पंख न गाळलेली राणी मी टाकून देत नाही, तीन-चार आठवडे वाट पाहतो. मीलन न झालेली राणीही अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर निघतात. दोन राण्या एका नळीत ठेवू नयेत. त्यापेक्षा दोन-तीन नळ्या वेगळ्या लावाव्यात, कारण सगळ्या तगत नाहीत.

घरात धोका दोन गोष्टींचा. पहिला, स्वयंपाकघरातल्या बारीक मुंग्या. कापसाच्या फटीतून त्या आत शिरतात आणि एका रात्रीत राणी संपवतात. साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवतो तसंच करायचं : परातीत पाणी, मध्ये उपडी वाटी, तिच्यावर नळीची डबी. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून ते दर तीन दिवसांनी बदलायचं. दुसरा धोका डासांच्या मशीनचा आणि मुंग्यांच्या खडूचा. डासांना मारणारं औषध मुंग्यांनाही मारतं. त्या खोलीत मशीन लावूच नये, आणि खडू किंवा फवारा हाताळलेल्या हातांनी नळीला शिवू नये.

कामकरी आले की खाणं सुरू. पहिले तीन-चार जण लहानखुरे आणि भित्रे असतात. मोठ्या डोक्याचे मुंगळे वसाहत वाढल्यावर येतात. एक भाग साखर, चार भाग पाणी. त्याचा मोहरीएवढा थेंब फॉइलच्या तुकड्यावर ठेवून, तोंडाचा बोळा हलकेच काढून आत. दोन दिवसांनी प्रथिनं : रॅकेटने मारलेला डास, फळमाशी किंवा उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेल्या नाकतोड्याचा पाय. घरातलं झुरळ कधीच नाही, त्याने कुठलं विष चाटलंय सांगता येत नाही. उरलेलं चोवीस तासांत बाहेर. साखर कामकऱ्यांना चालवते, अळ्या मात्र प्रथिनांशिवाय वाढत नाहीत. अळ्या दिसताहेत पण आठवडे उलटूनही तेवढ्याच आहेत, तर कीटक कमी पडताहेत असं समजावं.

लवकर मोठ्या घरट्यात हलवण्याची घाई मी एकदा केली आणि पस्तावलो. पाच मुंगळ्यांना दहा खोल्या दिल्या की ते एका कोपऱ्यात राहतात, बाकीच्यांत कचरा टाकतात आणि तिथे बुरशी चढते. वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत नळीच बरी. फिरायला जागा म्हणून नळीचं तोंड एका प्लॅस्टिकच्या डब्यात उघडं ठेवायचं. डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि सर्जिकल स्पिरिट कालवून 3 सेंमीचा पट्टा द्यायचा. वाळल्यावर त्यावर पाय टिकत नाहीत. पावसाळ्यात मात्र ही पावडर ओल धरते आणि मुंगळे सरळ चढून येतात. जून ते सप्टेंबर मी व्हॅसलीनचा पातळ थर देतो, वरून बारीक जाळीचं झाकण.

नळीतलं पाणी संपत आलं किंवा आतला बोळा काळा पडला, तर मुंगळे ओतून काढू नयेत. नवी नळी भरून जुनीच्या तोंडाशी टेपने जोडावी, नवीला काळा कागद गुंडाळावा आणि जुनीचा काढून टाकावा. कधी एका रात्रीत, कधी आठवड्याने, ते अंडी-कोष तोंडात धरून स्वतःच पलीकडे जातात. आतल्या कापसाचा नुसता पिवळेपणा चालतो, त्यासाठी हलवायची गरज नसते.