विममधून शेल आणि लांबलचक आउटपुट: माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोल्डरांत फाइलींची नावं तीन लिप्यांत सापडतात: मराठी, कन्नड, इंग्रजी. त्यात १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगही दोन. असली नावं टर्मिनलवर पुन्हा पुन्हा कोण टाइप करणार? मी कमांड विम या टेक्स्ट एडिटरमधल्या फाइलीत लिहून ठेवतो आणि तिथूनच बॅशकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या शेलकडे, धाडतो.

शिफ्ट-व्हीनं ओळी निवडायच्या, कोलन दाबायचा. निवडीची खूण विम स्वतःच टाकतो. तिच्यापुढे डब्ल्यू, स्पेस, उद्गारचिन्ह, बॅश. सगळी गोम त्या स्पेसमध्ये आहे. उद्गारचिन्ह डब्ल्यूला चिकटलं आणि स्पेस त्यानंतर पडली, तर काहीच चालत नाही. 'बॅश' नावाची फाइल तयार होते, आधीची असेल तर तीही पुसली जाते. डब्ल्यू टाकायचाच राहिला तर निवडलेल्या ओळींच्या जागी आउटपुट येऊन बसतं. घाबरू नका, यू (अनडू) दाबा.

कमांड थेट कोलनपुढे लिहिली तर टक्केचिन्हाच्या जागी चालू फाइलीचं नाव जातं आणि टक्केचिन्हं असलेल्या तारखेच्या फॉरमॅटचा विचका होतो. फाइलीतून पाठवलेल्या ओळींना ही बाधा नाही.

जास्त छळतो तो एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून देणारा प्रोग्रॅम). बॅशला ओळी स्टँडर्ड इनपुटवरून मिळत असतात. मध्ये एसएसएच आला की तोही त्याच इनपुटला तोंड लावतो आणि उरलेल्या ओळी गिळतो. एरर येत नाही, स्क्रिप्ट गुपचूप संपते. त्याला डॅश-एन द्या. 'रीड' (इनपुट वाचणारी कमांड) असेल तर फाइल सेव्ह करून सरळ बॅशनं चालवा.

आता आउटपुट. टर्मिनलातल्या विममध्ये ते भराभर वर सरकतं आणि एंटर मारलं की समोर पुन्हा फाइल. म्हणून बॅशपुढे '२>&१', पाइप (आउटपुट पुढच्या प्रोग्रॅमला देणारं चिन्ह) आणि लेस (ते पानापानानं दाखवणारा प्रोग्रॅम) जोडतो; एररही त्यातच दिसतात. लांब ओळी मोडू नयेत म्हणून लेसला डॅश-कॅपिटल-एस. पाइपमध्ये ग्रेप (मजकूर शोधणारा प्रोग्रॅम) रंग टाकून देतो; हवेच असतील तर त्याला 'कलर=ऑलवेज' आणि लेसला डॅश-कॅपिटल-आर. विमपासून निघालेल्या निओव्हिममध्ये हा लेस चालत नाही, तिथे टर्मिनल उघडा. आउटपुट जपून ठेवायचं असेल तर कोलन-न्यू करून नव्या खिडकीत 'आर', स्पेस, उद्गारचिन्ह आणि कमांड. फक्त कमांड पूर्ण होईपर्यंत तिथे एक ओळही उमटत नाही.

लेसमध्ये नावांऐवजी <ई०><ए४> असली रांग दिसली तर फाइल बिघडलेली नाही, लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) 'सी' आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरी आणि कन्नडचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं. ई० नंतर ए४ किंवा ए५ म्हणजे देवनागरी, बी२ किंवा बी३ म्हणजे कन्नड. एवढ्यावरूनही लिपी ओळखता येते. विम सुरू करण्याआधी शेलमधलं लँग हे व्हेरिएबल 'सी.यूटीएफ-८' करा, नावं नीट दिसतील.